कारखान्याच्या दप्तरातली चौसष्ट कॉमिक्स

माझी चौसष्ट कॉमिक्स गेली अडतीस वर्षं श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जमा आहेत. ती हरवली नाहीत, चोरीला गेली नाहीत. रीतसर जमा आहेत, आणि जमा करणाऱ्याची सही माझ्या वडिलांची आहे. ही गोष्ट इतक्या वर्षांत मी फक्त नवऱ्याला सांगितली होती, आणि तो अजून अधूनमधून विचारायचा, "खरंच ना? चेष्टा नाही ना?"

मी चेष्टा फारशी करत नाही. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग मोजून घेणं आणि मोजून देणं, हे माझं काम. घरीसुद्धा डब्यात किती वाट्या डाळ उरली हे मला उठून बघावं लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. एक संग्राहक कपाटापुढे उभा राहून सांगत होता की आपल्या लहानपणची कॉमिक्स आता मिळेनाशी झाली आहेत. पण कुठेतरी, कुणाच्या तरी घरात, अख्खे संग्रह पडून असतील आणि घरच्यांना पत्ताही नसेल. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग त्याला."

"काय सांगू?"

"की पत्ता आहे, फक्त गेट पास नाही."

त्या माणसाचं म्हणणं मला पटलं, फक्त तो शोधायच्या जागा चुकीच्या सांगत होता. पेट्या आणि माळे कधीच साफ झाले. आमच्या जिल्ह्यात शोधायचं तर जिथे वस्तू फेकायला कुणाचीतरी परवानगी लागते तिथे शोधावं. बंद पडलेल्या वाचनालयाचं कुलूपबंद कपाट, बोर्डिंग शाळेत जप्त केलेल्या वस्तूंची पेटी, भाऊबंदकीत अडकलेलं दुकान. दोन भाऊ कोर्टात असतील तर शटरच्या आतली कॉमिक्स निर्धास्त. माझा स्वतःचा अंदाज तालुक्याला निदान दोन संग्रह असा आहे. याला पुरावा नाही, म्हणून तो अंदाजच समजावा.

माझ्या संग्रहाचा मात्र पुरावा आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्या कारखान्याच्या ऊस विभागात क्लार्क होते. आमच्या वस्तीतून कारखान्याच्या ऑफिसात टेबलाशी बसलेले ते पहिले. बाकीचे तोडणीला, नाहीतर गव्हाणीवर ऊस टाकायला. आप्पा रुजू झाले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक जण रोज संध्याकाळी त्यांची रजिस्टरं उघडून चूक शोधत बसे. त्याचं ते कामही नव्हतं. सहा महिने बसला, मग कंटाळला. आप्पा कंटाळले नाहीत. "त्यानं बघनं सोडलं, पन मी गृहीत धरतो की तो बघतोच हाय," असं ते म्हणत. न बघता एक सही केली नाही, हे वाक्य त्यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की माझ्या लग्नात त्यांनी व्याह्यांनाही ऐकवलं.

असा माणूस कॉमिक्सना परवानगी देणं शक्य नव्हतं. "चित्रं बघून कुनी शिकलंय का? चित्रं बघायची तर कॅलेंडर हाय भिंतीवर." पण मला व्यसन लागलेलं. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शाळेत अदलाबदलीचा भाव ठरलेला होता: दोन पातळ कॉमिक्सना एक जाड, मुखपृष्ठ फाटलेलं असेल तर तीन. मी भाव नीट पाळला आणि सातवीपर्यंत माझ्याकडे चौसष्ट नग झाले.

ठेवायचे कुठे? आप्पांकडे दर हंगामाच्या शेवटी बाद रजिस्टरांचे पुठ्ठे यायचे. आतली पानं गेलेली, मार्बल कागदाचे, लाल कापडी पाठीचे. तेही साहेबांची लेखी परवानगी घेऊन, आमच्या वह्यांसाठी. मी त्यातले नऊ घेतले. पोती शिवायच्या दाभणाने भोकं पाडली, सुतळीने कॉमिक्स आत शिवली. आठ पुठ्ठ्यांत सात-सात, नवव्यात आठ. त्या संग्राहकाने ही शिलाई पाहिली तर त्याला खाली बसवून पाणी द्यावं लागेल. पण पुठ्ठा मिटला की कॉमिक आत दिसेनासं व्हायचं.

मग मी लेबलं लावली. आप्पांच्या रजिस्टरांवर असायची तशीच, त्यांच्याच वळणाच्या अक्षरात: "ऊस नोंद, गट सहा, पुस्तक एक", असं नऊपर्यंत, खाली हंगामाचं साल. कोपऱ्यात ते एक अक्षर घालत, अ, ब किंवा क. रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं त्याची ती खूण. क लवकर बाद, ब उशिरा, अ कायम. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अ मला काढायला सोपा गेला, म्हणून मी नऊही पुस्तकांवर अ काढला. नऊ पुस्तकं कापडात बांधून गठ्ठा माळ्यावर टाकला. दुपारी आप्पा ऑफिसात असले की खाली यायचा.

मग आम्ही क्वार्टर सोडून श्रीरामपूरला स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. सामान हलवायच्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी नव्या घरी जेवायला बसलो तेव्हा आप्पांचा चेहरा परीक्षेतून सुटल्यासारखा होता.

"आज वाचलो," ते आईला म्हणाले. "माळ्यावर ऑफिसची नऊ रजिस्टरं! हंगामात गट ऑफिसातनं सायकलवर आनताना जेवायला थांबतो, तवा कधीतरी राहिली असतील. टेम्पोवाल्यानं खाली दिली आन् माझे हातपाय गार."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? तसाच सायकलवर घातला गठ्ठा. रेकॉर्ड रूमला जमा. नोंद केली, सही केली. कुनी बोट दाखवायच्या आत."

मी घास हातात धरून विचारलं, "उघडून पाहिली का?"

"ऑफिसचं दप्तर घरात सोडायचं नसतं," आप्पा म्हणाले. "आन् तिथं वेळ कुठं हुता? टेम्पो खोळंबला हुता. लेबल हुतं की सगळं बराबर."

ऑफिसचं दप्तर घरात सोडायचं नाही हा त्यांचा नियम, आणि त्या नियमानेच त्यांनी छत्तीस वर्षांतली एकमेव न बघता सही केली होती. हे फक्त मला माहीत होतं. मी घास गिळला आणि पुढची अडतीस वर्षं गप्प बसले. सुरुवातीला माराच्या भीतीने, आणि नंतर, ते रिटायर झाल्यावर, त्यांच्या त्या वाक्यापायी. तेवढंच एक वाक्य त्यांनी कमावलं होतं, ते माझ्या कॉमिक्सनी खोटं पाडावं असं मला वाटेना.

मागच्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावाचा फोन आला. आप्पा त्याच्याकडे असतात, वय एक्याऐंशी. कारखाना जुनं रेकॉर्ड निकाली काढणार होता. तिथे कुणालाच जुन्या याद्या समजत नव्हत्या, म्हणून आप्पांना बोलावलं होतं. "चार दिवसांपासून शर्टाला इस्त्री करून बसलेत," भाऊ म्हणाला. "मला सुट्टी नाही. तू जातेस का बरोबर?"

मी जाणारच होते. नवऱ्याला मी बेत सांगितला: आप्पा दुसऱ्या कपाटाशी असताना नऊ रजिस्टरं रद्दीच्या ढिगात सारायची, आणि ढिगातून रीतसर वजन करून विकत घ्यायची. न उघडता. आप्पांना कळणार नाही आणि माझी कॉमिक्स घरी.

"म्हणजे एक्कावन्नाव्या वर्षी चोरी," नवरा म्हणाला.

"वजन करून घेणार आहे."

"पावतीवाली चोरी. तुझ्या घराण्याला शोभते."

रेकॉर्ड रूममध्ये लोखंडी रॅकच्या सात रांगा होत्या आणि एक तिशीतल्या मॅडम. नव्यानेच या खात्यात आलेल्या, रुमालाने तोंड बांधलेल्या, कारण धूळ अशी की बोट फिरवलं तर अक्षर उमटावं. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, चहा सांगितला. आप्पा बसले नाहीत. त्यांनी यादी मागितली, चष्मा पुसला आणि पहिल्या रॅकपासून सुरुवात केली. प्रत्येक गठ्ठा सोडायचा, रजिस्टर उघडायचं, आतलं पान बघायचं, मग यादीवर खूण.

"काका, उघडायची गरज न्हाई," मॅडम म्हणाल्या. "लेबल बघून टिक करा. टेम्पो शुक्रवारी येनारे."

"लेबलाला काय अक्कल असती का?" आप्पा म्हणाले.

मी एकटीच पुढे सरकत तिसऱ्या रांगेत गेले, आणि तिथे, खालून दुसऱ्या फळीवर, गठ्ठा होता. गंमत अशी की त्या हंगामाची बाकी रजिस्टरं, म्हणजे खरी, शेतकऱ्यांच्या उसाची, केव्हाच बाद होऊन रद्दीत गेली होती. ती क वर्गाची. फळीवर त्या सालचं फक्त माझंच उरलं होतं, कारण मला अ सोपा गेला होता. मी गठ्ठा उचलला. हलका वाटला. उघडायच्या आत पाठीमागून आवाज आला.

"काय सापडलं?"

"काही नाही आप्पा. रद्दी."

"अ वर्ग हाय. अ वर्गाची रद्दी नसती." त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला, लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, हे बघा. माझ्या हातचं. अडतीस वर्षांपूर्वीचं. अक्षर बघा कसं हाय. आन् ही शिलाई बघा, सुतळीची, एक टाका सुटला न्हाई. आता अशी शिलाई कोन करतं?"

"खरंच हो काका," मॅडम म्हणाल्या.

माझ्या शिलाईची तेवढी तारीफ पुन्हा कुणी केली नाही.

आप्पांनी पुस्तक एक उघडलं. पानभर एक पट्टेरी वाघ दोन पायांवर उभा होता, डोक्यावर टोपी, आणि तो एका हवालदाराला सांगत होता, "खबरदार! मी शाकाहारी आहे!"

आप्पांनी पान उलटलं. वाघ आता मोटारसायकलवर होता. मॅडमनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या हंगामात वाघानं ऊस घातला हुता का कारखान्याला?"

त्यांना हसू आवरेना. मलाही आवरलं नसतं, पण मी आप्पांकडे बघत होते. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. मग चष्मा काढला.

"अक्षर कुनाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"कितवीत हुतीस?"

"सातवीत."

"स अगदी माझ्यासारखा काढलायस." ते खुर्चीत बसले. बराच वेळ त्या लेबलावर अंगठा फिरवत राहिले. "म्हंजे मी न बघता सही केली."

"टेम्पो खोळंबला होता आप्पा. तुम्हीच सांगितलं होतं."

"टेम्पो खोळंबला म्हनून सही करायची असती का?" ते माझ्यावर रागावले नव्हते. मी सातवीतली असते तर रागावले असते, आता तो राग त्यांच्या दृष्टीने मुदतबाह्य होता. ते स्वतःवरच रागावले होते, आणि मला ते बघवेना.

मॅडमना वाटलं आपण जास्त बोललो. "काका, मनाला लावून घेऊ नका. कुनाला कळतंय? मी टिक करते, ताईंनी पिशवीत घालून न्यावं. कोन बघतंय?"

आप्पांनी मान वर केली. "तुमी बघताय की," ते म्हणाले. "जमा वही कुठाय?"

जमा वही निघाली. नोंद होती: "ऊस नोंद रजिस्टर, गट सहा, नग नऊ", खाली आप्पांची सही, शेवटची रेघ लांब ओढलेली. आप्पांनी लाल पेन मागितलं आणि शेरा लिहायला घेतला. "सदर नोंद प्रत्यक्ष तपासणी न करता घेण्यात आली होती. प्रत्यक्ष तपासणीअंती आढळलेला मजकूर खालीलप्रमाणे." एवढं लिहून ते थांबले.

"मजकूर काय लिहू?"

"सचित्र बालवाङ्मय," मी म्हणाले.

"सगळं तेच हाय कशावरून? उघड एकेक."

पुढचे दोन दिवस आम्ही बापलेक त्या टेबलाशी बसून माझी कॉमिक्स तपासत होतो. मी क्रमांक आणि पानांची संख्या सांगायची, आप्पा लिहायचे. विषयाचा रकाना त्यांनी सोडायला नकार दिला आणि विषय लिहायचा म्हणजे वाचणं आलं. पहिल्या दिवशी ते भरभर उलटत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एकाच पानावर दहा मिनिटं घालवली.

"ह्या मुखवटेवाल्याला गोळी लागली. मग पुढच्या चित्रात कसा उभा?"

"ती त्याच्या जुळ्या भावाला लागली. मागचं पान बघा."

"हां. मग बराबर." त्यांनी लिहिलं: "विषय: जुळ्या भावांपैकी एकाचा गुन्हेगारांशी लढा." थोड्या वेळाने: "आन् हा वाघ? शेवटी पकडला जातो का?"

"शेवटचं पान फाटलंय. अदलाबदलीत तसंच आलं होतं."

"मग तुला कधीच कळलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि लिहिलं, "अपूर्ण."

मॅडम येता-जाता पुढची गोष्ट विचारायच्या. हिशेब विभागातले दोघे जण कारण नसताना रेकॉर्ड रूमला येऊन गेले.

एकूण एकोणपन्नास भरली. मी सुरुवातीला गठ्ठा उचलला तेव्हाच तो हलका वाटला होता. आता कारण कळलं. बाकीच्या फळ्याही शोधून झाल्या, पण पुस्तकं सातच होती. चार आणि नऊ नव्हती. चारमध्ये सात, नऊमध्ये आठ, पंधरा कॉमिक्स गायब.

"जाऊ द्या आप्पा," मी म्हणाले. "एकोणपन्नास मिळाली, पुष्कळ झाली."

"नग नऊ लिहिलेत. सातावर शेरा कसा बंद करू?"

मॅडमनी रेकॉर्डच्या ने-आणीची वही काढली. आप्पा रिटायर झाल्यानंतरची नोंद होती: पुस्तक चार व नऊ, राहाता गट ऑफिस, उसाच्या तक्रारीच्या चौकशीकामी. घेणाऱ्याची सही वाचता येत नव्हती. परत आल्याचा रकाना कोरा.

मी ते चित्र डोळ्यांपुढे आणलं. राहात्यात कुणी शेतकरी आपल्या जुन्या उसाची नोंद मागतो, कारखान्यातून दोन अ वर्गाची रजिस्टरं मागवली जातात, आणि ऑफिसातला माणूस टेबलाशी बसून पहिलं पान उघडतो. त्याने ती परत का केली नसावीत, हे मला पुरतं कळतं. त्याच्या घरी अजून असतील, आणि ती कारखान्याची मालमत्ता आहे हेही त्याने कुणाला सांगितलं नसेल.

आप्पांनी शेरा अर्धवट ठेवला. सात पुस्तकं त्यांनी स्वतः कापडात बांधली, नवं लेबल लावलं आणि फळीवर परत ठेवली. मॅडमनी शुक्रवारच्या टेम्पोतून तो गठ्ठा वगळायचं कबूल केलं. मी हळूच विचारलं की निदान वाघाचं एक तरी पुस्तक घरी नेऊ का. "नऊ जमा केलेत, तर नऊच्या नऊ बाहेर निघतील," आप्पा म्हणाले. "तुझी असतील, पन नोंद माझी हाय."

सोमवारी राहात्याला जायला मी रजा टाकली. आप्पा माझ्या आधी श्रीरामपूरच्या स्टँडवर हजर होते, हातात पिशवी, पिशवीत ने-आण वहीतल्या नोंदीची मॅडमच्या सहीची नक्कल. एसटीत खिडकी त्यांनी घेतली. गाडी गावाबाहेर पडली तसं त्यांनी विचारलं, "चार नंबरात काय हुतं? वळखायला पायजे, समोर आलं तर."

मी सांगायला लागले. चंद्रावर गेलेला एक शाळामास्तर होता, तिथे त्याला आपल्याच गावची विहीर सापडते. पुढच्या सीटवरची बाई अर्धी मागे वळून बसली. कंडक्टर तिकिटं देऊन झाल्यावरही तिथेच दांड्याला धरून उभा राहिला. मास्तर विहिरीत वाकून बघतो, आतून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारतं, आणि हाक मारणारा...

"थांब," आप्पा म्हणाले.

"का? हाच भाग चांगला आहे."

"म्हनूनच थांब. शेवट सांगू नको. तो मी उघडून बघनार हाय."

पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "बाबा, तुमी उतरा तुमच्या स्टॉपला. ताई, मला सांगा, मी शिर्डीपर्यंत हाय."